आजोबांच्या वहीतल्या दोन नोंदी : व्ही. पी.च्या गोळ्या आणि घोड्याची सोडत

पानवाचक

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आजोबांच्या खर्चाच्या वह्या खाली आल्या. लाल कापडी बांधणी, टाकाने लिहिलेलं बारीक अक्षर. आजोबा कऱ्हाडजवळच्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. काड्यापेटीचा पैसासुद्धा लिहून ठेवणारा माणूस. १९३४च्या वहीत जानेवारीच्या पानावर एकाखाली एक दोन नोंदी आहेत :

व्ही. पी. सोडवली, गोळ्या : ३-६-०
सोडत, चौथा हिस्सा : २-८-०

(रुपये-आणे-पै. नव्या वाचकांसाठी : १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. व्ही. पी. म्हणजे पोस्टमनला दारात पैसे देऊन सोडवायचं टपाली पार्सल.)

फेब्रुवारीत पुन्हा गोळ्या, मार्चमध्येही. गोळ्या कोणासाठी ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांच्या धाकट्या बहिणीला क्षय झाला होता. आम्ही तिला कधी पाहिलं नाही, पण बाबा तिच्याबद्दल 'बनूआत्या' म्हणून बोलायचे. सोडतीबद्दल मात्र कोणालाच काही माहीत नव्हतं. पत्त्याला हात न लावणारा माणूस, असंच आजोबांबद्दल ऐकत आलो होतो.

या दोन नोंदी पाठ सोडेनात, म्हणून गेले तीन महिने शनिवारी ग्रंथालयात बसून त्या काळची मराठी आणि इंग्रजी पत्रं चाळतो आहे. बातम्या नव्हे, जाहिराती. अशक्तपणा, धातुपुष्टी, दमा, मूळव्याध, कोड, क्षय, बायकांचे विकार, मुलांची खुरटलेली वाढ. एकाच बाटलीत पाचसहा रोगांवर हमखास उपाय. त्याच पानावर घड्याळ बक्षीस, सहा डब्या एकदम घेणाऱ्याला अमुक भेट. आणि यंत्रं, ताईत, अंगठ्या : त्या घातल्या की नोकरी, खटला, परीक्षा, लॉटरी आणि आजार, सगळं एका दमात सुटणार.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं ते एका वाक्याने. थोड्याफार फरकाने ते शेकडो जाहिरातींत येतं : गुण खोटा ठरवणाऱ्यास रोख ५०० रुपये बक्षीस. आकडा बदलतो, कधी १००, कधी १०००, पण वाक्य तेच. हे औषधाचं वाक्य नाही, पैजेचं आहे. औषधवाला गिऱ्हाइकाला सांगतो आहे, माझ्याशी पैज लाव.

मला वाटू लागलं आहे की आजोबांच्या त्या दोन नोंदी वेगळ्या नाहीतच. एकच माणूस, एकच गरज, एकाच छापील पानावरून आलेली दोन उत्तरं. इथे कायद्यातले, टपालातले, वैद्यकीतले बरेच जण आहेत. तुम्हाला काय दिसतं ते लिहा.

---

टपालहंशील

३४ वर्षं टपाल खात्यात काढली, म्हणून आधी व्ही. पी.बद्दल.

व्हॅल्यू पेएबल पोस्ट आपल्याकडे १८७७ साली सुरू झाली. तोवर परगावचा माल मागवायचा तर आधी पैसे पाठवायचे आणि वाट बघायची. अनोळखी कंपनीवर कोण विश्वास ठेवणार? व्ही. पी.ने तो प्रश्न सोडवला. पोस्टमन पार्सल दारात आणणार, तुम्ही पैसे मोजणार, खातं ते मनीऑर्डरीने पाठवणाऱ्याला पोचवणार. एका पोस्टकार्डावर पत्ता लिहून टाकला की जामनगरचं, मथुरेचं, मुंबईचं औषध कऱ्हाडात. तुम्ही आता चाळता आहात त्या जाहिरातींच्या तळाशी 'ट. हं. निराळे' असं दिसत असेल, म्हणजे टपालहंशील वेगळं. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलं आहे.

एक गोष्ट लोक विसरतात. पाकीट फोडायच्या आधी पैसे. आत काय आहे ते पाहून मग पैसे देईन, ही सोय व्ही. पी.त नव्हती. सरकारी खाकी कपड्यातला, ओळखीचा पोस्टमन दारात उभा, गल्लीतले लोक बघताहेत. पार्सल परत पाठवणं जिवावर यायचं. नोकरीत मी स्वतः पाहिलं आहे, म्हाताऱ्या बायका उसने पैसे आणून व्ही. पी. सोडवायच्या, कारण 'सरकारचा माणूस परत कसा पाठवायचा'. खात्याची अब्रू औषधवाल्याला फुकट मिळत होती.

आणि आजाराची लाज. गुप्तरोग, धातू, मासिक पाळी, मूल न होणं. गावच्या वैद्यासमोर जे बोलता येत नाही ते पोस्टकार्डावर लिहिता येतं. ती पोस्टकार्डं उघडी असत, हेही खरं, पण मुंबईच्या कारकुनाने वाचलं काय आणि नाही काय.

---

कायदेपंडित_नाही

पानवाचक, तुमचं 'हे पैजेचं वाक्य आहे' हे निरीक्षण एका कोर्टात अगदी याच शब्दांत मांडलं गेलं होतं. विधि महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतात तो खटला : कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी.

लंडन, नोव्हेंबर १८९१. युरोपभर इन्फ्लुएंझाची साथ. रबरी गोळ्यात कार्बोलिक आम्लाची पूड भरून ती नाकाने हुंगायची, असं एक उपकरण या कंपनीने काढलं. वर्तमानपत्रात जाहिरात दिली की सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड बक्षीस. मनापासून बोलतो आहोत हे दाखवायला अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवल्याचंही छापलं. लुईझा कार्लिल नावाच्या बाईंनी ती वस्तू घेतली, २० नोव्हेंबरपासून नेमाने वापरली आणि १७ जानेवारी १८९२ला त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांनी १०० पौंड मागितले.

कंपनीच्या वकिलांनी बऱ्याच सबबी पुढे केल्या. त्यातली एक म्हणजे, हा करार नसून पैज आहे आणि पैजेचे पैसे कायद्याने वसूल करता येत नाहीत. औषध विकताना 'बक्षीस' आणि कोर्टात 'पैज'! कोर्टाने ते मानलं नाही. जाहिरात ही सगळ्या जगाला केलेली ऑफर आहे, बाईंनी अट पाळून ती स्वीकारली, पैसे द्या. डिसेंबर १८९२चा निकाल. आपल्या १८७२च्या करार कायद्यातलं कलम ८ शिकवताना आजही हाच दाखला देतात.

आपल्याकडे असा दावा लावायला कऱ्हाडच्या मास्तरांनी मुंबईच्या नाहीतर त्याहून लांबच्या कोर्टात जायला हवं होतं, तीन रुपये सहा आण्यांसाठी. '५०० रुपये बक्षीस' बेधडक छापता येत होतं ते त्या अंतराच्या जोरावर.

आता सोडतीचं. १८७० साली दंडसंहितेत कलम २९४ अ घातलं गेलं. सरकारी परवानगीशिवाय लॉटरीचं ऑफिस चालवणं गुन्हा. आणि त्याच कलमाचा दुसरा भाग पाहा : अशा सोडतीवर पैसे देण्याचा प्रस्ताव *प्रसिद्ध करणाऱ्याला* १,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे छापणाराही दोषी. सोडतीची जाहिरात छापणं १८७०पासून गुन्हा होतं. क्षयावरच्या गोळ्यांची जाहिरात छापणं मात्र १९५४पर्यंत गुन्हा नव्हतं. ८४ वर्षांचा फरक आहे हा.

---

गिरगावची_गल्ली

धागा आवडला, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. सगळी औषधं एका टोपलीत घालू नका.

पनवेलचा धूतपापेश्वरचा कारखाना १८७२चा, कृष्णशास्त्री पुराणिकांनी काढलेला. शास्त्रोक्त औषधं मोठ्या प्रमाणावर तयार करून बाटलीबंद विकण्याचा तो फार आधीचा प्रयत्न. आमच्या गिरगावातलं डोंगरे बालामृत घ्या. गुटगुटीत बाळाचं ते चित्र कॅलेंडरवर नाही असं मराठी घर सापडायचं नाही. झंडू १९१०चं. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माल विकला तो नुसत्या बक्षिसाच्या थापांवर नव्हे. आणि जाहिरातीशिवाय देशी औषध विलायती औषधासमोर उभं कसं राहणार होतं? समोर हॉलोवे होता.

टॉमस हॉलोवे. गोळ्या आणि मलम. १८४२ साली जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड, आणि १८८३मध्ये मरण्याच्या सुमारास ५०,००० पौंड. त्याच्या जाहिराती जगातल्या कितीतरी भाषांत छापल्या गेल्या. त्या पैशातून त्याने बायकांसाठी कॉलेज बांधलं, ते राणीने १८८६त उघडलं, आज ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे. अशा माणसाशी स्पर्धा होती.

अमृतांजनची गोष्ट तर या धाग्यासाठीच घडल्यासारखी आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव हे तेलुगू गृहस्थ, १८९३त मुंबईत त्यांनी तो पिवळा बाम काढला. गाण्याच्या बैठकींत फुकट वाटून नाव केलं. त्या बामच्या पैशातून १९०८ साली मुंबईतूनच त्यांनी 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं, पुढे १९१४त मद्रासला नेऊन त्याचं दैनिक केलं. स्वातंत्र्याच्या चळवळीतलं मोठं पत्र. बामने वर्तमानपत्र उभं केलं. औषधाच्या जाहिरातीविना त्या काळची देशी पत्रं जगलीच नसती, सरकार काही त्यांना जाहिराती देत नव्हतं. हेही लिहा ना.

---

पानवाचक

गिरगावची_गल्ली, मान्य. आजीच्या कपाटात बालामृतची रिकामी बाटली होती, तेल ठेवायला. मी त्या सगळ्यांना खोटं म्हणत नाही. पण वाचणाऱ्याला फरक कसा कळणार होता? पान एक, टाइप एक, शब्द एक : रामबाण, हटकून, हमखास. खरं औषध आणि खडूच्या गोळ्या शेजारीशेजारी छापलेल्या.

---

स्टेथो

मी एमडी आहे, सांगलीत प्रॅक्टिस करते. क्षयाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी.

१९३४ साली क्षयावर जगात कुठेही औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसीन १९४३-४४चं, आपल्याकडे सामान्यांच्या हातात यायला त्यानंतरची काही वर्षं. तोवर डॉक्टरकडे काय होतं? विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी, सॅनेटोरियम, काही रुग्णांत फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा भरून ते मिटवण्याचा उपचार. सगळं मिळूनही भरवसा नाही. त्या काळात खरोखर काम करणारी औषधं बोटांवर मोजता येतील : हिवतापाला क्विनीन, उपदंशाला १९१०पासून साल्व्हरसन, मधुमेहाला १९२२पासून इन्सुलिन. सल्फाची पहिली गोळी १९३५ची.

म्हणून आजोबांना भोळे समजू नका. प्रामाणिक डॉक्टर त्यांना म्हणाला असता, 'बघू'. जाहिरात म्हणत होती, 'नक्की'. घरात तरणी बहीण खोकते आहे, रक्त पडतं आहे. तुम्ही कोणाचं ऐकाल?

विलायती गोळ्यांत काय होतं तेही सांगते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून पुस्तकरूपाने छापलं. बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला विकली जायची, आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. साधं रेचक. पोट साफ झालं की माणसाला काही काळ बरं वाटतंच, आणि तो 'गुण आला' म्हणून लिहून पाठवतो.

क्लोरोडाइन त्याहून वाईट. डॉ. जे. कॉलिस ब्राउन हे हिंदुस्थानातल्या लष्करात वैद्य होते, कॉलऱ्यासाठी त्यांनी ते बनवलं. अफूचा अर्क, भांगेचा अर्क, क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे, कळ जायची, म्हणून लोकांना ते दैवी वाटलं. पण सवय लागायची. प्लेगच्या, कॉलऱ्याच्या दिवसांत ते घरोघर होतं. बाळाच्या ग्राइप वॉटरच्या मूळ कृतीत बडीशेपेसारख्या शेपूचं तेल, सोडा, साखर यांच्याबरोबर ३.६ टक्के अल्कोहोल होतं. मूल रडायचं थांबतं त्याचं कारण कळलं ना?

आपल्याकडे सरकारला जाग आली १९३०मध्ये. कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली, तिने १९३१त अहवाल दिला : बाजार भेसळीच्या आणि निकृष्ट मालाने भरला आहे, कायदा करा. कायदा झाला १९४०त. तुमच्या वहीतलं जानेवारी १९३४चं पान बरोबर या दोन सालांच्या मध्ये पडतं. रोग काय आहे ते सरकारी अहवालात छापून आलं होतं आणि तरीही कोणी कोणाला थांबवत नव्हतं. हे लिहिताना मला राग येतो.

---

महालक्ष्मीचा_मोतद्दार

(नाव थोरल्या आजोबांवरून, ते महालक्ष्मीच्या तबेल्यात मोतद्दार होते.)

'चौथा हिस्सा' वाचून लगेच ओळखलं. स्वीप म्हणजे काय ते सांगतो, कारण ती साधी लॉटरी नाही.

शर्यत एकच, बहुतेक वेळा इंग्लंडातली एप्समची डर्बी. हजारो-लाखो तिकिटं विकायची. मग शर्यतीआधी सोडत काढायची : एका पिंपात तिकिटांचे नंबर, दुसऱ्यात घोड्यांची नावं. ज्याच्या नंबराला घोडा लागला तो शर्यतीपर्यंत जिवंत. बाकीचे त्याच दिवशी बाद. म्हणजे बहुतेक लोक घोडा पळायच्या आधीच हरलेले असत. ज्याला नावाजलेला घोडा लागला त्याच्याकडे हिस्सा विकत घ्यायला लोक धावत, आणि घोड्याने टाच उचलायच्या आत त्याचे पैसे मोकळे होत.

हिंदुस्थानात सर्वांत मोठी स्वीप कलकत्त्याची, रॉयल कलकत्ता टर्फ क्लबची, तीही याच डर्बीवर. एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या सोडतींत तिची गणना होत होती. नियमाने ती क्लबाचे सभासद आणि त्यांचे मित्र यांच्यापुरती, म्हणून कायद्यातून सुटलेली. पण 'मित्र' या शब्दाला ताण किती द्यायचा? साहेबाचा कारकून, कारकुनाचा मेहुणा, मेहुण्याच्या ओळखीचे मास्तर. एक तिकीट चौघांत घ्यायचं आणि जो जरा वजनदार त्याच्या नावावर ठेवायचं. तुमच्या आजोबांनी कोणत्या स्वीपचं घेतलं ते नोंदीवरून सांगता येणार नाही, पण चौथा हिस्सा असाच येतो.

आता साल बघा. १९३४ची डर्बी ६ जूनला झाली आणि जिंकला विंडसर लॅड. मालक राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी. आपल्याकडच्या संस्थानिकाचा घोडा एप्समला डर्बी जिंकला. त्या दिवशी हिंदुस्थानात ज्याच्या नंबराला विंडसर लॅड लागला असेल त्याचं काय झालं असेल, विचार करा. राजपिपळा नर्मदेकाठी, खानदेशापासून लांब नाही.

स्टेथो यांच्या विषयाशी जोडणारीही एक स्वीप आहे. आयरिश हॉस्पिटल्स स्वीपस्टेक. १९३० साली आयर्लंडने खास कायदा करून इस्पितळांसाठी ती सुरू केली. गणवेशातल्या नर्सेस पिंपातून चिठ्ठ्या काढायच्या, त्यांचे फोटो जगभर छापून यायचे. लोक जुगार खेळत होते आणि त्यांना धर्मादाय केल्यासारखं वाटत होतं. ब्रिटनमधून इतका पैसा बाहेर जाऊ लागला की १९३४त तिथल्या पार्लमेंटने कायदा करून अशा सोडतींच्या जाहिराती आणि निकाल छापायला वर्तमानपत्रांना बंदी केली. तुमच्या वहीचंच वर्ष.

---

कायदेपंडित_नाही

मोतद्दार, उत्तम. सरकारची जुगाराबाबत भूमिका कशी होती त्यावर थोडं.

कंपनी सरकार आधी स्वतःच लॉटरी चालवत होतं. कलकत्त्याचा टाऊन हॉल लॉटरीच्या पैशातून उभा राहिला, १८१७त तिथे लॉटरी कमिटीच नेमली आणि त्या पैशातून रस्ते, तळी झाली. १८३६त ते बंद पडलं. मुंबईचा टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची ती पांढऱ्या खांबांची इमारत, १८११त सर जेम्स मॅकिंटॉश यांनी कल्पना मांडली तेव्हा लॉटरीतूनच पैसा उभा करायला सुरुवात झाली होती. तो अपुरा पडला, मग सरकारने हात दिला आणि १८३३त काम पुरं झालं. पानवाचक, तुम्ही जुनी पत्रं वाचायला तिथे जात असाल तर ज्या पायऱ्या चढता त्यांच्या हिशेबात सोडतीचा पैसा आहे.

मग १८४४त कायदा : सरकारी परवानगी नसलेली लॉटरी म्हणजे सार्वजनिक उपद्रव.

सर्वांत विलक्षण प्रकरण पावसाच्या सट्ट्याचं. मुंबईत लोक पावसावर पैसे लावत. अमुक वेळेत इतका पडेल का, छपराच्या पन्हाळीतून पाणी वाहील का. १८८७चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा त्यांना लावला, तर १८८९त हायकोर्टाने म्हटलं की पर्जन्यमापक हे काही जुगाराचं साधन नव्हे. सरकारने १८९०त कायदा दुरुस्त केला आणि पाऊस त्यात घातला. शेतकऱ्यासाठी पाऊस ही पैजच असते, आणि त्याच पावसावरच्या शहरी पैजेला वर्षभरात कायदा होतो. दुसरीकडे शर्यतींना १९१२त परवान्याचा कायदा आणि १९२५त पैजांवर कर. मैदानावरची, कुंपणातली, करपात्र पैज चालते. पेढीवरची, गल्लीतली चालत नाही.

---

मुक्ता_वाचते

सगळ्यांचं वाचलं. माझा मुद्दा छापणाऱ्यांचा आहे, कारण त्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही.

'जाहिरातीविना पत्र जगलं नसतं' हे गिरगावची_गल्ली म्हणाले ते खरं, पण संपादक काय घ्यायचं आणि काय नाही हे निवडत होते. गांधींनी दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये जाहिराती घेणं बंद केलं आणि पुढे 'यंग इंडिया', 'नवजीवन' जाहिरातींशिवाय चालवली. त्यांना ते परवडलं, सगळ्यांना परवडलं नसतं, कबूल. पण मग हे पाहा. १९२० साली बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं. ३१ जानेवारीचा पहिला अंक. पैसे देतो, जाहिरात छापा, अशी 'केसरी'ला विनंती केली. केसरीने नकार दिला. बाबासाहेबांनी स्वतः 'बहिष्कृत भारत'मध्ये हे लिहून ठेवलं आहे.

माझ्या डोक्यातून हे जात नाही. त्या काळच्या आपल्या नामवंत पत्रांच्या पानांवर धातुपुष्टीला जागा होती, वशीकरणाला होती. अस्पृश्यांच्या वर्तमानपत्राच्या चार ओळींना पैसे मोजूनही नव्हती. जागेचा प्रश्न नव्हता, पैशाचाही नव्हता.

दुसरं, र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३. शरीराबद्दल, संततिनियमनाबद्दल सरळ, शास्त्रीय मराठीत लिहिणारा माणूस. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. पुन्हा तेच साल! ज्या वर्षी कर्वे प्रश्नोत्तरांत खरी माहिती दिली म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात होते, त्या वर्षी 'हरवलेली शक्ती' परत देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती राजरोस छापून येत होत्या. हस्तमैथुनाने माणूस क्षयाने मरतो अशी भीती घालायची आणि मग औषध विकायचं, हा त्या धंद्याचा पाया होता. कर्वे ती भीतीच खोडून काढत होते. भीती गेली तर गोळ्या कोण घेणार?

---

गिरगावची_गल्ली

मुक्ता, मूकनायकच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी वर लिहिलेलं मागे घेत नाही, पण 'जाहिरातीविना पत्र जगलं नसतं' हे अर्धंच आहे, हे मानतो.

---

टपालहंशील

पानवाचक, एक विचारायचं होतं. व्ही. पी. तीन महिने ३-६-० अशीच आहे का? तसं असेल तर ती 'पूर्ण कोर्स' असणार. पहिल्या डबीने गुण नाही आला तर 'तीन डब्यांनी मूळ जातं' असं आतल्या पत्रकात लिहिलेलं असायचं. माझ्या आईला एका कंपनीकडून असं पत्रक आल्याचं आठवतं. 'औषध मध्येच सोडल्यास आम्ही जबाबदार नाही', हेही त्यातच.

---

कायदेपंडित_नाही

शेवट कसा झाला तेवढं नोंदवतो, म्हणजे धाग्याची कायद्याची बाजू पुरी होईल.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही धंदे काही वर्षांच्या अंतराने सर्वोच्च न्यायालयात गेले. आधी कोडी. वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांना प्रवेश फी आणि हजारोंची बक्षिसं, म्हणजे दुसऱ्या नावाने सोडतच. मुंबई सरकारने १९४८त कायदा करून त्यावर नियंत्रण आणि कर आणला. बंगळूरला छापून मुंबई इलाख्यात खपणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकाच्या मालकांनी, चमारबागवाला यांनी, त्याविरुद्ध दाद मागितली. १९५७चा निकाल : जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. दरम्यान १९५५च्या केंद्रीय कायद्याने बक्षिसांवर महिना १,००० रुपयांची मर्यादा घातली.

मग औषधं. १९५४चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्यात 'जादूचा उपाय' या शब्दात ताईत, मंत्र, कवच हे सगळं नाव घेऊन घातलं आहे. पानवाचकांनी पाहिलेली यंत्रं आणि अंगठ्या बरोबर तिथे येतात, पण फक्त रोगापुरत्या. घोडा जिंकून देणारी अंगठी त्या कायद्यात बसत नाही. हमदर्द दवाखान्याने कायद्याला आव्हान दिलं, डिसेंबर १९५९त निकाल : काही भाग रद्द झाला, पण अशी जाहिरात म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य नव्हे, हे कोर्टाने ठरवलं. एका निकालात 'हा व्यापार नाही', दुसऱ्यात 'ही अभिव्यक्ती नाही'. सोडत आणि गोळ्या एकाच दारातून बाहेर गेल्या.

---

स्टेथो

दारातून बाहेर गेल्या, पण माझ्या ओपीडीत आजही 'डॉक्टर, पेपरात आलं होतं' म्हणून लोक येतात. मधुमेह, दमा, लैंगिक दुर्बलता, सगळे. आता पेपराऐवजी मोबाईल एवढंच.

पानवाचक, बनूआत्यांचं पुढे काय झालं?

---

पानवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. टपालहंशील, तिन्ही महिने ३-६-०च आहे. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री वही पुन्हा काढली आणि पुढची पानं नीट वाचली.

मार्चनंतर गोळ्यांची नोंद नाही. २२ एप्रिलला असं आहे :

मिरज, गाडीभाडे, दोन माणसे.
इस्पितळात अनामत : १५-०-०
परत, गाडीभाडे, एक माणूस.

स्टेथो, मिरजेला वॉनलेस डॉक्टरांचं मिशन इस्पितळ आणि क्षयाचं सॅनेटोरियम होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. मे महिन्यात दर आठवड्याला मिरजेच्या नावावर दूध, अंडी, फळं. एका नोंदीत 'बनूस लोकर, विणण्यासाठी'.

मोतद्दार, ६ जूनचं पान खास पाहिलं. त्या दिवशी फक्त शाईची पूड, एक आणा. सोडतीबद्दल जूनमध्ये काही नाही, जुलैमध्येही नाही. पण हिस्सा आला असता तर आजोबांनी लिहिला असता, पैपर्यंत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मिरज, गाडीभाडे. जाताना एक माणूस. येताना दोन.